तेराव्या महिन्यातला फ्रीज

निपाणीला माझी ताई राहते. कोल्हापूर तिथून जेमतेम चाळीस किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे जिल्हा बेळगाव असला तरी लग्नाचा बस्ता असो नाहीतर टीव्ही, मोठी खरेदी कोल्हापुरात. मागच्या पाडव्याला तिनं तिथूनच फ्रीज आणला. एक वर्षाची वॉरंटी. यंदाचा पाडवा होऊन तीन आठवडे झाले, ऐन उन्हाळ्यात फ्रीज गार व्हायचा थांबला. दूध नासलं, आंब्याचा रस फेकावा लागला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो असा अक्षरशः तेराव्या महिन्यात आला.

कंपनीचा माणूस आला, मागं हात लावून बघितलं आणि म्हणाला, "गॅस गेलाय ताई. वॉरंटी संपलीय, चार हजार होतील."

दाजी पाकीट काढायला उठलेच होते. "असू दे की, उन्हाळ्यात फ्रीजशिवाय चालतंय होय?" ताईनं मला फोन लावला. मी काही वकील नाही. बेळगावात टिळकवाडीत राहतो, घरातल्या आणि गल्लीतल्या अशा भानगडींत नाक खुपसून खुपसून थोडंफार शिकलोय एवढंच. मी एकच विचारलं, "आधी कधी त्रास दिला होता का?"

"दिवाळीत बर्फ धरत नव्हता. माणूस येऊन काहीतरी भरून गेला. पैसे नाही घेतले."

"त्याचा कागद?"

"कागद कुठला? मेसेज आला असेल."

तो मेसेज तिच्या मोबाइलमध्ये सापडला. तक्रार क्रमांक, तारीख, आणि 'आपली तक्रार सोडवली आहे' अशी इंग्रजीत एक ओळ. पुढं जे झालं ते त्या एका ओळीमुळं.

वॉरंटी हे कंपनीनं आपण होऊन दिलेलं वचन असतं. इतके महिने, अमुक पार्ट, आम्ही फुकट करून देऊ. मुदत संपली की ते वचन संपतं. पण तुमचा आणि दुकानदाराचा, तुमचा आणि कंपनीचा संबंध काही त्या कार्डापुरता नसतो. त्याच्यावर कायदा आहे, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तो जुलै २०२० पासून लागू झाला आणि १९८६ चा जुना कायदा गेला. या कायद्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. वस्तूच्या दर्जात, प्रमाणात, शुद्धतेत किंवा मानकात जी उणीव असते ती दोष. मग तो दर्जा कायद्यानं ठरलेला असो, करारात उघड लिहिलेला असो, न लिहिता गृहीत धरलेला असो, की विकणाऱ्यानं तोंडानं सांगितलेला असो. वॉरंटी चालू असताना दिसला तरच तो दोष, असं या व्याख्येत कुठंही म्हटलेलं नाही.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लोक उगीच आशेला लागतात. वॉरंटी संपल्यावर बिघडलेली प्रत्येक वस्तू कंपनीनं फुकट करून द्यावी असा काही कायदा नाही. सात वर्षांच्या वॉशिंग मशीनचा पट्टा तुटला, दाराचं रबर सैल झालं, उंदरानं वायर कुरतडली, पाल आत शिरून सर्किट बोर्ड जळला (आमच्याकडं पावसाळ्यात हे फार होतं, खानापूर-जांबोटीकडच्या लोकांना विचारा), हा खर्च आपला. दावा कशाचा करता येतो? दोष पहिल्यापासून होता आणि तो उशिरा उघडा पडला, हे दाखवता आलं तर त्याचा. किंवा वॉरंटीत तक्रार केली होती, तेव्हा नीट केलं नाही आणि तोच बिघाड परत आला, याचा. आणि तिसरं म्हणजे वॉरंटीनंतर पैसे देऊन दुरुस्ती करून घेतली आणि तीच फसली, याचा. या तिसऱ्या गोष्टीकडं लोकांचं सगळ्यात कमी लक्ष असतं, म्हणून तिच्यावर पुढं जरा सविस्तर.

आधी गॅसचं बघू, कारण फ्रीज आणि एसीच्या बाबतीत सगळ्यात जास्त पैसे याच शब्दावर जातात. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून संपतो. फ्रीजमधला गॅस जळत नाही. बंद नळ्यांमधून तो गोल गोल फिरत असतो: कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरच्या नळीत तो उष्णता बाहेर टाकतो, आत येऊन थंडावा देतो, परत कॉम्प्रेसरकडं जातो. वीस वर्षं फ्रीज चालला तरी गॅस तेवढाच राहायला पाहिजे. कमी झालाय याचा अर्थ नळी कुठंतरी फुटलीय, झिजलीय, नाहीतर जोड कच्चा आहे. आजकालच्या बऱ्याच फ्रीजमध्ये ही नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असते, म्हणून मागं ती जुनी काळी जाळी दिसत नाही आणि गळतीही दिसत नाही. तेव्हा 'गॅस संपला, भरून देतो' असं कुणी म्हटलं की त्याला विचारायचं, गळती कुठं आहे? गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा मारणं. दोन दिवस चालेल, दोन महिने चालेल.

ताईच्या दिवाळीच्या माणसानं नेमकं हेच केलं होतं. हवा मारून गेला होता. म्हणजे बिघाड तेराव्या महिन्यात झाला नव्हता, तो आठव्या महिन्यातच झाला होता. वॉरंटीच्या आत. आणि ते सिद्ध करणारी गोष्ट एकच होती, तो मेसेज.

म्हणून कायद्याच्या कलमांपेक्षा आधी घरचं दप्तर. बिल न देणं ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळं 'बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचेल' या गोडीला भुलू नका. पण बिल घेतलं म्हणजे झालं असंही नाही. ताईनं बिल जपून ठेवलं होतं, साडीच्या दुकानाच्या पिशवीत, वॉरंटी कार्डाला टाचून. काढून बघितलं तर कोरा कागद! वर दुकानाच्या नावाची पुसट सावली, बाकी पांढरं. ती गुळगुळीत कागदाची बिलं उष्णतेवर छापतात, शाई नसतेच, वर्षभरात अक्षरं उडून जातात. घरी आल्या आल्या फोटो काढून ठेवायचा, हा एवढाच त्यावर इलाज. दुकानदाराकडं मोबाइल नंबरवरून परत प्रत मिळते, ताईलाही मिळाली, पण त्यासाठी चार फोन करावे लागले. फ्रीजच्या आतल्या किंवा मागच्या बाजूच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर, त्याचाही एक फोटो.

वॉरंटी कार्ड वाचायचा कंटाळा सगळ्यांना असतो, मलाही. तरी एक ओळ वाचाच: कशावर किती. 'दहा वर्षं वॉरंटी' असं दुकानात मोठ्या अक्षरात लावलेलं असतं ती बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरची किंवा मोटरची असते. पूर्ण यंत्राची एक वर्ष, फार तर दोन. कॉम्प्रेसर फुकट मिळतो, पण तो बसवायची मजुरी, गॅस, येण्याजाण्याचा आकार, हे सगळं वेगळं असू शकतं. आणि बिघाड कॉम्प्रेसरचा नसून सर्किट बोर्डाचा निघाला तर त्या दहा वर्षांचा काही उपयोग नाही. उलटही होतं. चौथ्या वर्षी कॉम्प्रेसर गेला आणि माणूस म्हणाला 'वॉरंटी संपली', तर कार्ड काढून दाखवा, कॉम्प्रेसरची अजून चालू असेल.

सवलतीत एसी घेऊन ठेवायचा आणि वास्तुशांत झाल्यावर बसवायचा, हेही बरेच जण करतात. वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून पळायला लागलेली असते. ती बसवल्याच्या दिवसापासून मोजा, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२४ मध्ये कंपन्यांना सुचवलं आहे. सूचनाच ती, त्यामुळं घेताना दुकानात विचारून, बिलावर लिहून घेतलेलं बरं.

आता ती तिसरी गोष्ट, पैसे देऊन केलेली दुरुस्ती. वॉरंटी संपल्यावर तुम्ही मेकॅनिकला किंवा सर्व्हिस सेंटरला पैसे देता तेव्हा एक नवाच व्यवहार सुरू होतो. त्यात वस्तू विकत घेतलेली नसते, सेवा विकत घेतलेली असते. सेवेतल्या उणिवेला कायद्यात वेगळी व्याख्या आहे आणि तिचा जुन्या वॉरंटी कार्डाशी काडीचा संबंध नाही. अडीच हजार घेऊन बोर्ड बदलला आणि पंधरा दिवसांत तोच दोष परत आला, तर 'तुमचा फ्रीजच जुना आहे' हे उत्तर चालत नाही. फक्त अडीच हजारांचा कागद पाहिजे. आपल्याकडं इथंच घोडं पेंड खातं. मिस्त्री ओळखीचा असतो, गल्लीतलाच असतो, 'कागद मागितला तर त्याला काय वाटेल?' अहो, त्याला काही वाटत नाही. साध्या वहीच्या पानावर तारीख, काय बिघडलं होतं, कुठला पार्ट बदलला, किती पैसे आणि किती दिवसांची हमी, एवढं लिहून सही घ्या. कंपनीचा माणूस असेल तर जॉब शीट, म्हणजे केलेल्या कामाचा कंपनीचा कागद, मागा. खर्चाचा अंदाज काम सुरू करण्याआधी घ्या, उघडून ठेवलेल्या यंत्रासमोर घासाघीस होत नाही. आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या, निदान फोटो काढा. पैसे तुम्ही दिलेत ना? खरंच बदलला की नुसता पुसून परत बसवला, हे कळायचा दुसरा मार्ग नाही.

'पार्टच मिळत नाही, नवीन घ्या', हे आणखी एक वाक्य. यावर आपल्याकडं गेल्या काही वर्षांत 'दुरुस्तीचा हक्क' असा विषय सुरू झालाय. केंद्रानं जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं, असे चार विभाग त्यात आहेत. पार्ट, दुरुस्तीची माहिती, सर्व्हिस सेंटर यांचा तपशील कंपन्यांनी तिथं द्यावा अशी कल्पना. मला विचाराल तर हे अजून पोर्टलच आहे, हक्क नाही. अमुक वर्षं पार्ट ठेवलेच पाहिजेत असं बंधन फ्रीज-मिक्सरवाल्यांवर घालणारा वेगळा कायदा आपल्याकडं झालेला नाही. पण म्हणून हात बांधले जात नाहीत. दोन-तीन वर्षांच्या यंत्राचा पार्ट कंपनी देत नसेल तर ती सेवेतली उणीव, असा दावा ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या कोर्टात, करता येतो. त्यासाठी 'पार्ट उपलब्ध नाही' हे त्यांच्याकडून ई-मेलवर घ्या. तोंडी सगळे बोलतात, लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा पार्ट सापडतो. गंमत म्हणून नाही, खरंच सापडतो.

आता तक्रार करायची कुठं. कोल्हापूरचं बिल, निपाणीचं घर, कंपनीचं ऑफिस गुरगाव नाहीतर मुंबई. जुन्या कायद्यात समोरची पार्टी जिथं असेल किंवा प्रकरण जिथं घडलं असेल तिथं जावं लागायचं, म्हणजे ताईला कोल्हापूरच्या फेऱ्या. २०१९ च्या कायद्यानं हे बदललं. तक्रारदार जिथं राहतो किंवा कामधंदा करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. ताईची तक्रार बेळगाव जिल्हा आयोगात चालू शकते आणि कोल्हापूरच्या दुकानदाराला उत्तर इथं द्यावं लागेल. चंदगडचा माणूस खरेदीला बेळगावात येतो, त्याला याच हिशेबानं कोल्हापूर जिल्हा आयोग. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, पण फ्रीजपुरती तरी ही सीमा ओलांडायची सोय झाली.

आयोगात जाण्याआधी १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोनवर मराठीत बोलता येतं, आमच्याकडच्या लोकांना हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण 'कन्नड येत नाही, इंग्रजी जमत नाही' म्हणून निम्मे जण तक्रारच करत नाहीत. तिथं तक्रार नोंदली की ती कंपनीकडं पाठवली जाते. हेल्पलाइन निकाल देत नाही, दंडही करत नाही. पण बऱ्याच कंपन्यांमध्ये ही तक्रार सर्व्हिस सेंटरच्या डोक्यावरून वरच्या माणसाकडं जाते, आणि तेवढ्यानं पुष्कळदा काम होतं.

नाही झालं तर कंपनीला आणि दुकानदाराला लेखी पत्र, पंधरा दिवसांची मुदत, आणि मग जिल्हा आयोग. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, आपले फ्रीज-टीव्ही त्यात आरामात बसतात. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते, सुनावणीही व्हिडिओवरून मागता येते. भाषेची अडचण मात्र इथं खरी आहे. बेळगावच्या आयोगाचं काम कन्नड आणि इंग्रजीत चालतं. मी सांगतो ते असं: आधी मराठीत तारीखवार हकीकत लिहून काढा, अमक्या दिवशी घेतला, अमक्या दिवशी बिघडला, अमका येऊन हे बोलला. राग काढून टाका, तारखा ठेवा. मग कॉलेजात शिकणाऱ्या कुणाकडूनही ती इंग्रजीत करून घ्या. मराठी कागद जोडायचे असतील तर त्यांचा अनुवाद सोबत जोडा.

मुदत विसरू नका. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशीर झाला तर सबळ कारण दाखवावं लागतं. समोरच्याला उत्तराला तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा. त्यापुढं एक दिवसही नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०२० मध्ये सांगितलं. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, तेवढी तयारी ठेवा.

तपासणी म्हणजे काय, तर दोष पहिल्यापासून होता की तुमच्या वापरानं झाला हे नुसतं बघून कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो. तिची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते. तोवर यंत्र दुसऱ्याकडून उघडून घेऊ नका, नाहीतर 'तुम्हीच छेडछाड केलीत' हा आक्षेप ठरलेला. दुसरा ठरलेला आक्षेप, 'वस्तू धंद्यासाठी घेतली होती'. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा नाही, हे खरं. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून वापरली असेल तर तो माणूस ग्राहकच. वडगावात घरघंटी लावून दळण घेणारी बाई ग्राहक आहे. कुंद्याच्या चार शाखा असणाऱ्या दुकानाचा डीप फ्रीजर, त्याचं सांगता येत नाही.

कधी कधी चूक ना कंपनीची असते ना तुमची. एकाच संध्याकाळी गल्लीतल्या पाच घरांचे टीव्ही गेले तर समजायचं विजेच्या लाइनची न्यूट्रल वायर तुटली. घरात २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या आसपास दाब येतो आणि सगळं जळतं. कुठलीच वॉरंटी हे भरून देत नाही. तेव्हा त्याच दिवशी १९१२ या विजेच्या तक्रारींच्या नंबरवर तक्रार आणि दुसऱ्या दिवशी हेस्कॉमच्या, म्हणजे आमच्याकडच्या वीज कंपनीच्या, सेक्शन ऑफिसला सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज, पोच घेऊन. वीजपुरवठा हीसुद्धा ग्राहक कायद्यात सेवाच आहे.

आणि कृपा करून इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधून पहिल्या दिसलेल्या नंबरवर फोन करू नका. नंबर कार्डावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा घ्या. समोरचा आधी दहा रुपये भरा, लिंक दाबा म्हणाला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लगेच.

ताईच्या फ्रीजचं सांगायचं राहिलं. १९१५ वर तक्रार केली, दिवाळीच्या मेसेजचा फोटो जोडला. सहाव्या दिवशी दुसराच माणूस आला, यंत्र लावून गळती शोधली, बाजूच्या पत्र्याआडच्या नळीत निघाली. नळी नवी, गॅस नवा, पैसे नाहीत. मजुरीचे सहाशे मागितले. दाजींनी दिले, मी म्हणत होतो देऊ नका. ताईनं मात्र जॉब शीट सही करून घेतल्याशिवाय त्याला चहा दिला नाही.

परवा तिचा परत फोन. मिक्सरची वॉरंटी दोन वर्षांची, आणि हा तेविसावा महिना. "जरा आवाज येतोय रे. चालतोय तसा. आत्ताच तक्रार टाकून ठेवू काय?"

टाक म्हटलं.